वाईहून नाटकाला जायचं तर खर्च कशावर होतो? तिकीट, जेवण, प्रवास आणि जीएसटीचं गणित

शनिवारची रात्र. घरातल्या चौघांनी मिळून नाटक बघायचं आणि बाहेरच जेवून घरी यायचं. पुण्यात किंवा ठाण्यात हा बेत संध्याकाळी सहा वाजताही ठरू शकतो. वाईत तो दोन दिवस आधी ठरवावा लागतो. गाडी कुणाची, परत यायला किती वाजतील, जेवण नाटकाआधी की नंतर, म्हाताऱ्या माणसांना नेता येईल का, असे सगळे प्रश्न त्यात येतात.

वाईला नाटकाचं वावडं आहे, असं मुळीच नाही. शाहीर साबळे यांचा जन्म वाईला लागून असलेल्या पसरणीचा. शेजारच्या सांगलीला तर नाट्यपंढरीच म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये तिथे 'सीता स्वयंवर' सादर केलं आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. तरीही आज वाईकराला मोठं व्यावसायिक नाटक बघायचं असेल, तर सहसा सातारा किंवा पुणे गाठावं लागतं.

तिकीट महागलं म्हणून लोक नाटकाला जात नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. छोट्या गावापुरतं ते कितपत खरं आहे? एका रात्रीचा हिशेब मांडून बघू.

एका रात्रीचा खर्च किती?

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमची गाडी, हॉटेल आणि नाटक यांप्रमाणे ते बदलतील.

समजा, वाईतलं चार जणांचं कुटुंब साताऱ्याला नाटक बघायला गेलं.

- तिकिटं : ५०० रुपयांची चार, म्हणजे २,००० रुपये
- जेवण : माणशी २५० रुपये धरले तर १,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,०५० रुपये
- पेट्रोल : जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरलं तर सुमारे ४९० रुपये
- मध्यंतरातला वडा आणि चहा : २०० रुपये

एकूण ३,७४० रुपये. आनेवाडीचा टोल वेगळा. त्यात एक सवलत आहे : २४ तासांच्या आत परत आलात, तर दोन्ही फेऱ्यांचा मिळून टोल एका फेरीच्या दीडपट पडतो.

याच कुटुंबाने पुणं गाठलं, तर जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर होतात. पेट्रोलचा खर्च १,२६० रुपयांवर जातो आणि एकूण आकडा ४,५१० रुपये होतो. खेड शिवापूरचा टोल आणि पार्किंग वेगळं.

आता हेच नाटक वाईत आलं असं समजा. चालत किंवा दुचाकीवर जायचं आणि घरी येऊन जेवायचं. तिकिटं २,००० आणि वडा-चहा २००, म्हणजे २,२०० रुपयांत काम झालं.

तिकीट तिन्ही ठिकाणी तेवढंच आहे. साताऱ्याच्या बेतात ते एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडं जास्त, तर पुण्याच्या बेतात निम्म्याहूनही कमी भरतं. त्यामुळे तिकीट माणशी १०० रुपयांनी स्वस्त झालं, तरी पुण्याच्या रात्रीत ४,५१० मधले फक्त ४०० वाचतात. नाटक गावात आलं, तर वाचणारी रक्कम २,३१० रुपये आहे.

म्हणजे छोट्या गावातल्या प्रेक्षकाला तिकिटापेक्षा अंतर महाग पडतं.

पण मग तिकीट ५०० रुपयांवरच का अडलंय?

नाटकांच्या जाहिराती बघितल्या तर पहिल्या रांगांचं तिकीट अनेकदा बरोबर ५०० रुपये असतं. त्यामागे जीएसटीचा एक नियम आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा नाटकाच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला करातून सूट होती. २५ जानेवारी २०१८ पासून ही मर्यादा ५०० रुपये करण्यात आली. नाटक, नृत्य, सर्कस, संगीताची मैफल यांच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी शून्य. त्याच्या वर गेलं की १८ टक्के.

यातली मेख अशी की ५०० च्या वरच्या रकमेवरच कर लागतो, असं नाही. तो पूर्ण तिकिटावर लागतो. तिकीट ५०० रुपये असेल तर प्रेक्षक ५०० देतो आणि निर्मात्याकडे ५०० जातात. तेच ५०१ केलं, तर प्रेक्षकाला ५९१ रुपये १८ पैसे मोजावे लागतात. एका रुपयाच्या वाढीवर ९० रुपयांचा कर.

उलट बाजूने बघा. निर्मात्याने करासहित ५१० रुपये तिकीट ठेवलं, तर कर भरून त्याच्या हातात सुमारे ४३२ रुपये उरतात. म्हणजे तिकीट दहा रुपयांनी वाढवून उत्पन्न ६८ रुपयांनी घटलं. हातात पुन्हा ५०० यायला हवे असतील, तर तिकीट ५९० रुपये करावं लागतं. खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट अशा करपात्र तिकिटावर मिळू शकते, त्यामुळे प्रत्यक्षातला तोटा थोडा कमी होतो. तरीही ५०० आणि ५९० यांच्या मधला टप्पा कुणाच्याच फायद्याचा नसतो.

म्हणूनच तिकीट ५०० वर थांबतं, किंवा मग थेट ६००-७०० च्या पुढे उडी मारतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सिनेमाच्या १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. नाटकाच्या ५०० रुपयांच्या मर्यादेला मात्र त्या बदलात हात लागला नाही. २०१८ नंतर डिझेल, मुक्काम, मजुरी हे सगळं वाढलं, पण मर्यादा तिथेच राहिली. त्याचा फटका दौऱ्यावरच्या नाटकाला जास्त बसतो.

दौऱ्याचं नाटक कसं चालतं?

मराठी व्यावसायिक नाटकात कलाकाराच्या एका प्रयोगाच्या मानधनाला 'नाईट' म्हणतात. प्रयोग दुपारी असला तरी ती नाईटच. नाटक बाहेरगावी गेलं की कलाकारांची नाईट, पडद्यामागच्या मंडळींचे पैसे, मंडळींची बस, नेपथ्याचा टेम्पो, जेवण-मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं आणि जाहिरात एवढा खर्च ठरलेला असतो. प्रेक्षक ८० आले किंवा ८००, त्यात फारसा फरक पडत नाही.

बाहेरगावचे प्रयोग बहुतेकदा कंत्राटावर होतात. स्थानिक कंत्राटदार ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घेतो. तिकीटविक्री त्याची, नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच.

पुन्हा एक उदाहरण घेऊ. एका गावात ६०० खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि दुसऱ्या गावात ४०० खुर्च्यांचं सभागृह. दोन्हीकडे ७० टक्के खुर्च्या भरल्या आणि तिकीट सरासरी ३५० रुपये पडलं.

- ६०० खुर्च्या : ४२० प्रेक्षक, गल्ला १,४७,००० रुपये
- ४०० खुर्च्या : २८० प्रेक्षक, गल्ला ९८,००० रुपये

फरक ४९,००० रुपयांचा. टेम्पोला लागणारं डिझेल आणि कलाकारांची नाईट मात्र दोन्हीकडे तेवढीच. मोठ्या शहरात हा तोटा महाग तिकिटांतून भरून काढता येतो. छोट्या गावात तिकीट ५०० च्या वर नेलं की १८ टक्के कर अंगावर येतो आणि प्रेक्षकही कमी होतात. कंत्राटदाराने वाई सोडून सातारा निवडला, तर त्याला दोष देणं अवघड आहे. वाईकर साताऱ्याला येतील, असं तो धरून चालतो. त्यातले किती जण प्रत्यक्षात येतात, हे रात्रीच्या प्रवासावर ठरतं.

परत यायचं कसं?

मराठी नाटकाच्या पारंपरिक वेळा तीन : दुपारी साडेबाराच्या सुमारास, संध्याकाळी पाच-साडेपाचला आणि रात्री नऊ-साडेनऊला. नाटक मध्यंतरासह साधारण अडीच तास चालतं. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत बारा वाजतात.

स्वतःची गाडी असेल तर ठीक. नसेल तर अडचण आहे. पुणे-सातारा महामार्गावर रात्रभर गाड्या धावतात, पण वाई महामार्गावर नाही. साताऱ्याहून येताना पाचवड फाट्यावर आणि पुण्याहून येताना सुरूर फाट्यावर उतरावं लागतं. तिथून वाई दहा-बारा किलोमीटर. मध्यरात्री फाट्यावर उतरून पुढे काय करायचं, याचं उत्तर नसतं. एकट्या बाईमाणसाने किंवा आजी-आजोबांनी हा धोका का पत्करावा?

खरं तर एसटीच्या सवलती याच दोन गटांसाठी आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ या वयात तिकीट अर्धं लागतं. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी या सवलती धरल्या तर साताऱ्याची फेरी गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पण नाटक सुटतं त्या वेळी वाईला पोहोचवणारी बसच नसेल, तर सवलतीचा उपयोग शून्य.

त्यामुळे वाईसारख्या गावातल्या प्रेक्षकासाठी संध्याकाळी पाचचा प्रयोग सोयीचा. तो साडेसात-आठला सुटतो, जेवून दहा-साडेदहापर्यंत घरी पोहोचता येतं. 'आधी नाटक, मग जेवण' हा क्रमही त्यातच बसतो. रात्रीच्या प्रयोगाला मात्र आधी घाईघाईने जेवावं लागतं, नाहीतर मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर भागवावं लागतं.

जेवणाच्या बिलात काय बघायचं?

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, वातानुकूलित असो वा नसो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हाच दर आहे. काही महागड्या हॉटेलांच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र तो १८ टक्के असतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर जेवायला थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळीकडे जीएसटी लागतोच असंही नाही. लहान खानावळी आणि हॉटेलं कंपोझिशन योजनेत असू शकतात. त्यांनी आपला कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, ग्राहकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. बिलावर जीएसटी नोंदणी क्रमांक नाही आणि तरीही जीएसटी लावलाय, असं दिसलं तर विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट सर्व्हिस चार्जची. तो सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली. त्यानुसार हॉटेलने तो आपोआप बिलात घालायचा नाही आणि ग्राहकावर त्याची सक्तीही करायची नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ही नियमावली वैध ठरवली. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

'जेवण आणि नाटक एकत्र' असं तिकीट काढलं तर?

एखाद्या मंडळाला किंवा कृषी पर्यटन केंद्राला सुचू शकतं की ४०० रुपयांचं नाटक आणि २५० रुपयांचं जेवण मिळून ६५० रुपयांचं एकच तिकीट ठेवावं. ग्राहकाला सोपं वाटतं. पण करात हे महाग पडू शकतं.

जीएसटी कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच किमतीला विकल्या, तर तो 'मिश्र पुरवठा' मानला जाऊ शकतो. मग त्यातल्या सर्वात जास्त दराने पूर्ण रकमेवर कर लागतो. नाटकाच्या तिकिटाची सूटही त्यात धोक्यात येते. तेच तिकीट आणि जेवण वेगवेगळं विकलं, दोन्हीची पावती वेगळी दिली आणि जेवण घेण्याची सक्ती ठेवली नाही, तर ४०० च्या तिकिटावर कर नाही आणि जेवणावर फक्त रेस्टॉरंटचा दर. असा कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी कर सल्लागाराला विचारून घ्यावं.

जत्रेतला तमाशा का आटोपता झाला?

'रात्री जेवण आणि मग खेळ' हा बेत या भागाला नवा नाही. जत्रांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. अनेक गावांत पहिल्या दिवशी गोडाचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण, पै-पाहुणे आणि रात्री तमाशा असतो. तिकीट नसतं, गाव वर्गणी काढतं. तमाशाचे फड ठरवायला गावकरी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या राहुट्यांवर जातात. वाईत कृष्णाबाई उत्सवात घाटाघाटावर कीर्तन, गायन आणि महाप्रसाद होतो. तिथेही पैसा वर्गणीतूनच येतो.

या खुल्या खेळांना वेळेची मर्यादा आली ती ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे. २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंदीची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस.

तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असा असतो. वग सर्वात मोठा, गोष्ट त्यातच असते. माणसं जेवून यायलाच नऊ वाजतात, मग दहाच्या आत वग कसा बसणार? बहुतेकदा तोच कापला जातो. गाण्यांची संख्या वाढते आणि गोष्ट आक्रसते.

याच नियमातून बंद सभागृहाला मात्र सूट आहे, आवाज आतल्या आत राहील या अटीवर. म्हणजे रात्री बारापर्यंत नाटक चालू शकतं, पण ते फक्त तिथेच, जिथे बंदिस्त नाट्यगृह आहे. आजारी माणसांना आणि परीक्षेच्या मुलांना शांतता हवी, हे नियमामागचं कारण योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की नाट्यगृह नसलेल्या गावातली कला रात्री दहाला संपते आणि शहरातली चालू राहते.

नाट्यगृह उभं राहिलं की प्रश्न सुटतो का?

अर्धाच. आपल्याकडची बहुतेक नाट्यगृहं नगरपालिका किंवा महापालिका चालवतात. साताऱ्याचं शाहू कला मंदिरही पालिकेचंच. भाडं कमी ठेवलं तर दुरुस्तीला पैसा उरत नाही, वाढवलं तर प्रयोग येत नाहीत.

देखभाल आणि सुरक्षा किती महत्त्वाची, ते कोल्हापूरने बघितलं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभरहून अधिक वर्षं जपलेली वास्तू एका रात्रीत गेली, तर नवी बांधून ती कोण सांभाळणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मग वाईकरांनी करायचं काय?

काही गोष्टी सरकारच्या हातात आहेत. तिकिटावरची ५०० रुपयांची मर्यादा महागाईनुसार वाढवता येईल. किंवा कर फक्त ५०० च्या वरच्या रकमेवर लावता येईल. तसं झालं तर ५५० च्या तिकिटावर ९९ ऐवजी ९ रुपये कर लागेल आणि मधला तोट्याचा टप्पाच नाहीसा होईल.

काही गोष्टी प्रेक्षकांच्या हातात आहेत.

पहिली : एकत्र जाणं. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. चाळीस जण जमले तर बस नाट्यगृहापासून वाईपर्यंत येते आणि फाट्यावर उतरण्याची वेळ येत नाही. सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं हे करू शकतात.

दुसरी : वेळ मागून घेणं. कंत्राटदाराला आधीच सांगितलं की पाचचा प्रयोग असेल तर आम्ही पन्नास तिकिटं घेतो, तर त्याचाही धोका कमी होतो.

तिसरी : नाटक गावात आणणं. मोठ्या नेपथ्याचं नाटक नसेल, पण कमी कलाकारांचं, एका टेम्पोत मावणारं नाटक ४०० खुर्च्यांच्या सभागृहात परवडू शकतं. त्यासाठी वर्षाची वर्गणी घेऊन चार-पाच प्रयोग आधीच विकायचे. कृष्णाबाई उत्सव वर्गणीवर चालवणाऱ्या गावाला ही पद्धत शिकवायची गरज नाही.

चौथी : हौशी रंगभूमीकडे बघणं. १९५४ पासून चालू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी होतात आणि तिथलं तिकीट अगदी नाममात्र असतं.

वाईच्या चार जणांच्या कुटुंबाला नाटक परवडत नाही, असं म्हणणं सोपं आहे. वर मांडलेल्या हिशेबात पुण्याला जाणाऱ्या या कुटुंबाने २,००० रुपये नाटकाला दिले आणि त्याहून जास्त पैसे नाटकापर्यंत पोहोचण्यात आणि बाहेर जेवण्यात घालवले. ज्याच्याकडे गाडीच नाही, तो तर या हिशेबात येतही नाही. पाचचा प्रयोग आणि परतीची एक बस एवढं जमलं, तर तोही खुर्चीपर्यंत पोहोचेल.